दहावीला पहिला आलेला पोरगा पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेल्यापासून बोलत नाही, त्याबद्दल जरा सविस्तर

खानापूर रोडवरच्या एका गावातल्या ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं. मुलगा १६ वर्षांचा, दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, ६२५ पैकी ५४१, शाळेत पहिला. सगळे म्हणाले म्हणून बेळगावात पीयूसी सायन्सला घातला. जूनपासून पोरगा बदललाय. कॉलेजवरनं आला की दार लावतो, रात्री एक-दीडपर्यंत फोन, सकाळी उठवून उठत नाही, काही विचारलं की "तुला काय कळतंय त्यातलं". वडील उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्टला, त्यांनी दोनदा फोन काढून घेतला, एकदा हात उचलला, तेव्हापासून पोरगा ताट घेऊन खोलीत जातो. धाकटी मुलगी आठवीत आहे, तिचंही असंच होणार का, आत्तापासून काय बघू. आणि शेवटी एक ओळ, "आमचंच काही चुकलं काय?"

ताई, त्या शेवटच्या ओळीपासनंच सुरू करते, कारण रात्री दिवा मालवल्यावर तुम्ही तेच घोळवत असणार. तुमच्यासारख्या आया माझ्याकडे वर्षानुवर्षं येतायत आणि सगळ्या हेच विचारतात. मी २३ वर्षं मराठी हायस्कूलला सायन्स शिकवलं, मधे काउन्सेलिंगचा कोर्स केला, आता रिटायर झाल्यावर पूर्णवेळ हेच काम, पोरांशी बोलायचं आणि त्यांच्या आईबापांशी बोलायचं. तुम्ही वाईट आई नाही. तुम्ही घाबरलेल्या आहात आणि घाबरलेल्या माणसाला जे समोर दिसतं त्यावर तो तुटून पडतो, तुमच्या समोर फोन दिसतोय. तुम्ही एवढं मोठं लिहिलंत, त्यात फोन कितीदा तरी आला, पण फिजिक्स केमिस्ट्री एकदाही नाही. वर्गात काय चाललंय, पहिल्या टेस्टला किती पडले, शेजारी कोण बसतो, काहीच नाही. मला तिथंच शंका आली.

मागच्या वर्षी असाच एक पोरगा आईने जवळजवळ ओढतच आणला होता. खुर्चीवर बसला, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळतोय, सोडतोय, परत गुंडाळतोय, वर बघायला तयार नाही. आई बाहेर गेल्यावर मी फोनचा विषयच काढला नाही. म्हटलं, संवेग म्हणजे काय रे? ताडकन उत्तर आलं, "वस्तुमान गुणिले वेग, बाई." म्हटलं बरं, मोमेंटम म्हणजे? गप्प. मग हळू आवाजात, "ते शिकवलेत वर्गात, पण मला समजत नाही." मी म्हटलं अरे बाळा, दोन्ही एकच आहे. त्याने पहिल्यांदा वर बघितलं आणि डोळे भरून आले त्याचे. चार महिने तो पोरगा स्वतःला मठ्ठ समजत होता, ज्या धड्यात त्याला नववीत पैकीच्या पैकी मार्क होते तोच धडा दुसऱ्या नावाने समोर आला होता आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हा तोच.

आमच्या भागात हे घरोघरी होतं आणि कुणी याला प्रश्न म्हणूनच मोजत नाही. दहा वर्षं पोरगं मराठीत शिकतं, पेशी, ऊती, घर्षण, जडत्व, वर्गसमीकरण, आणि जूनच्या एका सोमवारी अचानक सेल, टिश्यू, फ्रिक्शन, इनर्शिया, क्वाड्रॅटिक. पुस्तक एनसीईआरटीचं इंग्रजी. बरं इंग्रजी एक वेळ डिक्शनरी घेऊन लागेल, पण लेक्चरर अवघड भाग आला की समजावून कशात सांगतात, कन्नडात, कारण वर्गातल्या बऱ्याच पोरांची भाषा ती. म्हणजे जिथे खरं समजायचं तिथेच आपलं पोरगं कोरं राहतं. वर्ग हसतो, हा हसत नाही, किंवा सगळे हसतात म्हणून उगीच हसतो. मग "कन्नड येत नाही काय बे तुला" म्हणून एखादा चिडवतो. हे रोज, पाच-सहा तास. आणि गावाच्या स्टँडवर त्याचाच फोटो असलेला फ्लेक्स अजून फडकतोय, हार्दिक अभिनंदन म्हणून. आता तुम्हीच सांगा, हा घरी येऊन कुठल्या तोंडाने सांगणार की मला काहीच समजत नाही. तुम्ही विचारता "आज काय शिकवलं", तुम्ही मायेने विचारता, पण त्याच्यासाठी तो जखमेवरचा हात असतो. "तुला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य तो तुम्हाला म्हणतो ना, ते त्याने आधी स्वतःला हजार वेळा म्हटलेलं असतं. फोनमध्ये त्याला कुणी काही विचारत नाही म्हणून तो तिथे जाऊन बसतो.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक पोराचं हेच कारण. कुणाचं प्रेम असतं, कुणाला रॅगिंग होत असतं, कुणाच्या घरात दारू असते. पण मराठी मीडियम, दहावीला भरपूर मार्क, सायन्स, आणि जूनपासून बदल, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी आधी हे तपासते, आणि दहातल्या सहा-सात वेळा धागा तिथेच सापडतो.

मग करायचं काय. एक २०० पानी वही आणा, पान मधोमध दुमडा, डाव्या बाजूला मराठी शब्द उजव्या बाजूला इंग्रजी. नववी-दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घातली असाल तर शेजारच्या पोरांकडनं आणा. नवीन धडा सुरू झाला की आधी जुन्या पुस्तकातला तोच धडा मराठीत वाचायचा, दहा मिनिटं लागतात, मग एनसीईआरटी उघडायचं. त्या पोराने तीन आठवड्यात साडेतीनशे शब्द काढले होते, मी मोजले. त्याच्या पुढे काय जादू झाली असं नाही, पहिल्या टेस्टला फिजिक्सला ११ होते, मिडटर्मला ३८ झाले, पण तो परत पुस्तक उघडायला लागला हे मला ३८ पेक्षा मोठं वाटलं. तुमच्या गावात इंजिनीअरिंग नाहीतर बीएस्सीला असलेला, मराठी शाळेतनंच गेलेला एखादा दादा असेलच, त्याला आठवड्यातनं दोन संध्याकाळी बोलवा. ट्यूशनच्या ८० पोरांच्या वर्गापेक्षा तो एकटा जास्त कामाचा, कारण तो त्याच खड्ड्यातनं वर आलाय आणि कुठे पाय ठेवायचा ते त्याला माहीत आहे. आणि कन्नडाचं पण सांगते, मनाला लागलं तरी ऐका, त्याला बोलायचं कन्नड शिकू द्या, मित्राकडनं, दुकानात, बसमध्ये. आपला मराठीचा अभिमान त्याने कमी होत नाही आणि वर्गातला त्याचा एकटेपणा निम्मा होतो.

त्याला हे पण सांगा, बहुतेक पोरांना ठाऊक नसतं, की फर्स्ट पीयूसीचे मार्क सीईटीच्या रँकला धरत नाहीत. इंजिनीअरिंगच्या रँकला सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे असतात. म्हणजे हे वर्ष नुसतं शिकायला, सावरायला मिळालेलं आहे, पास झालं पाहिजे एवढंच. आणि सेकंड पीयूसीला आता एसएसएलसीसारख्याच एका वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा असतात, २०२४ पासून, एक बिघडली म्हणजे वर्ष गेलं असं राहिलेलं नाही. पोरांच्या डोक्यावर जो दगड असतो ना, तो या दोन गोष्टी नीट समजल्या की बराच हलका होतो.

आणि एवढं करूनही डिसेंबरपर्यंत त्याला सायन्स नकोच वाटत असेल तर त्याच्याकडनं ऐकून घ्या, नाक कापलं गेलं म्हणून नका बसू. एसएसएलसीवर पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा होतो, तो करून डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा, दिली की इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. आयटीआय आहे, कॉमर्स आहे. तुमचे मिस्टर फाउंड्रीत आहेत म्हणजे त्यांना तर चांगलंच माहीत असणार की उद्यमबागेत चांगल्या सीएनसी ऑपरेटरला, डिझाइनवाल्याला किती मान आहे. एक वर्ष गेलं तर गेलं. १६ व्या वर्षीचं एक वर्ष ३० व्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता फोन. फोनचं काही नाही असं मी म्हणत नाही, फोनचं आहेच. पण आधी झोपेचं ऐका. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटतं, म्हणून साडेनऊला तो झोपू शकत नाही, तो आळस नाही. आणि १३ ते १८ वयाच्या पोराला झोप मात्र आठ ते दहा तास लागते. तुमच्याकडची बस सकाळी सातची असेल, म्हणजे सहाला उठणं, आणि दीडला झोपला तर साडेचार तास झाले. साडेचार तास झोपलेला मोठा माणूससुद्धा खेकसतो. त्यातनं मेंदूचा कपाळामागचा भाग, थांब, विचार कर, मग बोल असं सांगणारा, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. रागाचा भाग मात्र आत्ताच पूर्ण जोरात असतो. म्हणून तो दार आपटतो आणि तासाभराने त्यालाच वाईट वाटतं, फक्त ते सांगायला जमत नाही.

तेव्हा फोनचा एकच नियम करा, एकच, पण सगळ्यांना. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तुमचा, मिस्टरांचा, धाकटीच्या हातात असतो तो, सगळे. अलार्मला १५० रुपयांचं घड्याळ आणा. वडील अंथरुणात रील बघत पडलेत आणि पोराला म्हणतात फोन ठेव, हे चालत नाही, पोरं आपलं ऐकत नसतील पण बघत सगळं असतात. पहिले आठ-दहा दिवस तमाशा होईल, होऊ द्या, आवाज चढवायचा नाही आणि नियम मोडायचा नाही. दिवसा काय बघतोस, कुणाशी बोलतोस, हे उकरत बसू नका. पासवर्ड मागून, लपून चॅट वाचून जे हाताला लागतं त्यापेक्षा जास्त जातं, एकदा त्याला कळलं की आई वाचते मग तो दुसरं अकाउंट काढतो आणि तुम्ही कायमच्या बाहेर. एक गोष्ट मात्र तपासा, वडिलांच्या बँक खात्यातनं यूपीआयने बारीक बारीक रक्कम जातेय का. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम २०२५ च्या कायद्याने बंद केल्यात तरी लपून लिंक फिरतात, त्यात पोरगा अडकला असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे लगेच लक्ष घालावं लागतं, फसवून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता.

मिस्टरांनी हात उचलला त्याबद्दल. मला त्यांचा राग येत नाही, भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेला माणूस, हे सगळं कुणासाठी करतोय, आणि समोर पोरगं फोनमधनं मान वर काढत नाही. पण १६ वर्षांच्या पोराला मारलं की तो सुधारत नाही, तो फक्त मोजायला लागतो, अजून किती वर्षं या घरात. त्यांनी माफी मागावी असं मी सांगितलं तर त्यांना ते जमणार नाही, मला आपल्या भागातले बाप माहीत आहेत. मग एवढं सांगा, रविवारी त्याला गाडीवर मागे बसवून कुठेतरी न्या, शेताकडे, बाजारात, ग्रीस आणायला, कुठेही. आणि वाटेत एकच वाक्य, "परवा माझा हात उठायला नको होता." बस. उत्तराची वाट बघायची नाही, पुढे उपदेश नाही. गाडीवर तोंड एका दिशेला असतं म्हणून दोघांनाही सोपं जातं. हे मी पन्नास बापांना सांगितलं असेल, जे करतात ते परत येऊन सांगतात की पोरगा बोलला काही नाही पण रात्री जेवायला बाहेर आला.

तुमचंही तसंच. समोर बसवून "बोल, काय प्रॉब्लेम आहे तुझा" असं विचारलं की कोर्टात उभं केल्यासारखं होतं. शेंगा फोडताना, मटार सोलताना, कपडे घडी घालताना त्याला हाक मारा, "जरा हात लाव की." हात कामात आणि डोळे खाली असले की तोंड सुटतं. आणि तो बोलायला लागला की तुम्ही गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड, मलाच माझ्या लेकाबरोबर जमलं नव्हतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो म्हणाला "मला काही समजत नाही वर्गात", तर "मग ट्यूशन लावूया", "मग फोन कमी कर" हे जिभेवर येईल, ते गिळा. फक्त म्हणा, "किती दिवस असं चाललंय रे?" आणि थांबा. पहिल्या दिवशी दोन वाक्यं बोलेल. पुरे.

एक आपल्या भागाचं म्हणून लिहायलाच पाहिजे. १ नोव्हेंबर जवळ आला की पोरांच्या व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं ते तुम्हाला माहीत आहे. आपला भाग कन्नड राज्यात घातला म्हणून १९५६ पासून हा दिवस आपल्याकडे काळा दिवस म्हणून पाळतात आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, गावात आधीच ताण. माझ्या घरातली माणसं १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होती, म्हणून मला कुणी शिकवू नये की ही भावना काय आहे. पण जो पोरगा वर्गात रोज भाषेवरनं खाली मान घालतोय त्याला एखाद्या ग्रुपवर रात्री बाराला छाती फुगवून लिहिता येतं तेव्हा तो नको ते लिहून जातो, नाहीतर कुणाच्या तरी मागे दगड हातात घेतो. १८ च्या खालच्या पोराला बालन्याय मंडळापुढे उभं करतात, घरच्यांची महिने-महिने फरफट होते, कॉलेज बुडतं ते वेगळं. त्याला काळ्या दिवसाच्या फेरीला जाऊ नको म्हणू नका, तो ऐकणारच नाही, वडिलांनी नाहीतर काकांनी बरोबर घेऊन जावं, फेरीत चालावं, परत यावं. आणि शिवजयंतीच्या चित्ररथाला मंडळात काम करत असेल तर ते चालू राहू द्या, अभ्यासाच्या नावाखाली सगळं तोडू नका. तिथे त्याला कुणी मठ्ठ समजत नाही, तेवढी एक जागा त्याला हवी.

बाईक मागतोय का ते लिहिलं नाहीत, पण मागेलच. १८ पूर्वी गिअरची गाडी नाही, विषय संपला. २०१९ पासून अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला की पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

आता धाकटी. आठवीत म्हणजे पाळी सुरू झाली असेल किंवा होईल, तिच्याशी ते बोललात का? आई सांगत नाही, शाळेत बाई तो धडा पटकन उरकतात, मग ते सगळं ती रीलमधनं शिकते. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक ॲसिडची, पोरी मळमळतं म्हणून खिडकीतनं टाकतात, मी माझ्या डोळ्यांनी वेचल्यात खिडकीखालनं. जेवणानंतर घ्यायला सांगा आणि तिच्यावर लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. आठवी-नववीच्या कितीतरी पोरी नुसत्या रक्त कमी म्हणून चिडचिड्या आणि सुस्त असतात आणि घरी म्हणतात नखरे वाढलेत.

आणि तिला एक गोष्ट आजच सांगा, इन्स्टा नसेल तरी सांगा. "तुझा कसलाही फोटो कुणाकडे गेला, कुणी धमकी दिली, तुझी चूक असली तरी, पहिल्यांदा मला सांगायचं, मी ओरडणार नाही." हे शब्द आधी कानावर पडलेले असले पाहिजेत, प्रसंग आल्यावर उपयोग नाही. एक नववीतली पोरगी माझ्याकडे आली होती, कुणीतरी ओळख वाढवून फोटो मागितला, मग पैसे मागायला लागला. तिने आजीच्या पाटल्या विकायचा विचार केला होता, जीव द्यायचा विचार केला होता, पण आईला सांगायचा विचार एकदाही केला नव्हता. मी तिच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती माउली खाली जमिनीवरच बसली. असं झालं तर चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, पैसे एक रुपया द्यायचा नाही, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करायचा किंवा सायबर पोलिसांकडे जायचं. आणि त्यासाठी पोरीची शाळा बंद करायची नाही. २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींना सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हापासून काही आईबापांना वाटतं पोरी फिरायला लागल्या, जरा काही कानावर आलं की कॉलेज बंद आणि स्थळ बघणं सुरू. १८ च्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा राहू द्या बाजूला, ज्या पोरींची शाळा अशी तुटली त्यांच्या तोंडाकडे मी बघितलंय, परत नाही बघवत.

मुलाशी पण एक बोला, हे कुणी मुलांना सांगतच नाही. १८ च्या खालच्या मुलीच्या संमतीला २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, कायद्यात किंमत नाही, तिची इच्छा होती म्हणून सुटका होत नाही. कुणी आवडलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, या वयात आवडतंच, पण मर्यादा कुठे आहे हे त्याला वडिलांकडनं कळलं तर बरं, पोलिसांकडनं नको.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते, आणि हे नीट दोनदा वाचा. चिडणं, दार लावणं, उशिरा उठणं हे वयाचं, झोपेचं, अभ्यासाचं असू शकतं. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस जेवण सुटलं, आवडता खेळ-मित्र सगळं सुटलं, आंघोळ-कपड्यांकडे लक्ष नाही, उकाड्यातही फुल बाह्यांचा शर्ट, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं एकदा जरी तोंडातनं निघालं, तर मग माझ्यासारख्या काउन्सेलरवर थांबायचं नाही, डॉक्टर. बेळगावात सरकारी बिम्स हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे. रात्रीअपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, २४ तास, मराठीतनं पण बोलतात. त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो काय रे तुला?" विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं रडून मोकळी होतात. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसा प्रयत्न केलेल्या माणसाला तणावाखाली असलेला समजून उपचार द्यायचे असतात. आजी म्हणत असेल नजर लागली, सौंदत्तीला जाऊन या, तर जाऊन या की, यल्लम्मा काही डॉक्टरकडे जाऊ नको म्हणत नाही.

आणि शेती असेल तुमची, तर घरात नाहीतर गोठ्यात फवारणीची औषधं असणार. आजच्या आज ती कुलपात घाला, किल्ली तुमच्याकडे. उरलेली अर्धी बाटली ठेवायचीच नाही. पोराचं काही तसं नसलं तरी घाला. रागाचा तो एक झटका बऱ्याचदा थोड्याच वेळाचा असतो, त्या वेळात हाताला काही लागलं नाही तर पोरगं वाचतं. निकालाच्या दिवसात मी प्रत्येक पालकसभेत हे एक वाक्य बोलते आणि काही लोकांना ते अभद्र वाटतं. वाटू दे. मी दोन घरी सांत्वनाला गेलेय.

तर ताई, सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त तीन कामं, औषधं कुलपात, फोन साडेदहाला स्वयंपाकघरात, आणि मिस्टरांबरोबर गाडीवरची ती एक फेरी. पहिल्या टेस्टचे मार्क विचारू नका, त्यालाच सांगू द्या. दसऱ्याच्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठवा, येताना फिजिक्सचं पुस्तक आणि नववीचं मराठी विज्ञान दोन्ही बरोबर असू दे. यायला तयार झाला नाही तर राहू दे, जबरदस्ती नको, तुम्ही एकट्याच या आणि ती दोन पुस्तकं तेवढी घेऊन या, पहिल्या धड्याचे शब्द मी वहीत लिहून देते, ती वही त्याच्या टेबलावर ठेवून द्या आणि काही बोलू नका.